दोन खोल्यांचा कौल

माझा धंदाच संशयाचा. चित्र समोर आलं की लोक ते पुढून बघतात, मी आधी उलटं करून मागून बघते. कापड कुठलं, खिळे कधीचे, लाकडाला वास कसला येतो, मागे चिकटवलेली चिठ्ठी खरंच जुनी आहे की चहाच्या पाण्यात बुडवून जुनी केलीय. मुंबईच्या गॅलऱ्यांमध्ये प्रदर्शनं मांडण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, ते असं वस्तूंच्या पाठी बघत. माणसांच्याही. एखादा चित्रकार फार नम्र बोलायला लागला की त्याला काहीतरी हवंय, आणि एखादा पैसेवाला एकदम कलाप्रेमी झाला की त्याचं कुठंतरी काहीतरी अडकलंय, हे मला न सांगता कळायचं. बहुतेक वेळा बरोबरही निघायचं, म्हणून सवय वाढत गेली.

मुंबई सोडली तीही भांडूनच. एका मोठ्या प्रदर्शनाच्या निवड समितीत मी होते. दिवसभर बसून आम्ही चर्चा केली, आणि संध्याकाळी कळलं की निवडलेल्यांची नावं आधीच छापून आली आहेत. म्हणजे आम्हाला बिस्किटं खायला बोलावलं होतं. मी बोलायचं ते बोलले, आणि त्यानंतर मला कुणी फारसं बोलावलं नाही. बरं झालं. पुण्यातल्या एका छोट्या संस्थेला गावांमधून कलेचं काम उभं करायला माणूस हवं होतं. संचालक म्हणे. पगार ऐकून माझी बहीण हसली. मी गेले.

काम भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत. हिर्डोशीच्या अलीकडं रस्ता सोडून वर चढून गेलं की एक वाडी लागते, तिथं आमचं मुख्य केंद्र. केंद्र म्हणजे दोन खोल्या. गावानं कधीकाळी श्रमदानानं बांधलेल्या, त्यात शाळा भरायची. पोरं कमी झाली, शाळा बंद झाली, उरलेली पोरं जीपनं खालच्या गावाला जायला लागली. खोल्यांत भाताचा पेंढा पडला होता. गावकीनं, म्हणजे वाडीतल्या सगळ्या घरांच्या बैठकीनं, त्या आमच्या संस्थेला वापरायला दिल्या. चैत्रात देवीची यात्रा असते, तेव्हा गावकी बसते आणि पुढच्या यात्रेपर्यंत परवानगी देते. कागद नाही, भाडं नाही. देवळासमोर सुपारी ठेवायची, झालं.

पहिली काही वर्षं लोकांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला फार ओळखीची होती. माझीच नजर होती ती. या दोन तालुक्यांत सध्या दर चौथा माणूस जमिनीचा एजंट. नसरापूरला हायवे सोडून आत वळणारी कुठलीही नवी गाडी दिसली की लोक आधी सातबारा आठवतात. त्यात मी बाई, एकटी, पुण्याची, आणि फुकट रंग वाटतेय. फुकट देतेय त्याअर्थी काहीतरी घेऊन जाणार. एकदा एसटीत कंडक्टरनं विचारलं, "बाई, तुमी नक्की काय करता?" क्युरेटर, म्हटलं. त्याला ते कळेना, मलाही ते मराठीत चटकन सांगता येईना. शेवटी म्हटलं, लोकांनी केलेल्या चांगल्या वस्तू नीट टांगते. तो म्हणाला, "आन् त्याचा पगार मिळतो?" तिकीट हातात ठेवताना त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मलाच क्षणभर शंका आली.

पण त्या खोल्यांमधून एक बाई उभी राहिली, आणि तिच्यासाठी मी हे लिहितेय. तिचं नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. आमच्या कामाच्या बोलण्यात तिला लोकरवाली म्हणतात, तसंच म्हणते. माहेर दुष्काळी पट्ट्यातलं, मेंढरांचं. सासर इथल्या डोंगरातलं, गुरांचं आणि नाचणीचं. लोकर इथं पावसात कुजते, म्हणून सासरी तिच्या हाताला कामच नव्हतं. आमच्या पहिल्या शिबिरात बाकीच्या बाया वारली पद्धतीची माणसं काढत बसल्या, कारण टीव्हीवर पाहिलेली कला तीच. ही म्हणाली, "मला रंग नगं. मला लोकर द्या." माहेराहून पोतं आणलं. ओली करून, साबण लावून, जमिनीवर पसरून ती लोकर पायांनी तुडवायला लागली. तुडवून तुडवून तिचं जाड कापड होतं, विणकाम नाही, शिवण नाही. त्यात काळ्यावर करडी लोकर बसवत तिनं वाडीखालच्या धरणाचं पाणी केलं. पाणी काढलं नव्हतं, उन्हाळ्यात ते खाली जातं तेव्हा काठावर मातीचे पट्टे उघडे पडतात, तेवढेच केले होते. मी आयुष्यात खूप बघितलंय. त्या दिवशी मी बाहेर जाऊन पायरीवर बसले, कारण मला रडू यायला लागलं होतं आणि शिबिरात संचालक बाईनं रडू नये.

पुढं तिचं काम मुंबईला गेलं, दिल्लीला गेलं. उद्घाटनाला लोकांनी तिला ओव्या म्हणायला सांगितल्या. तिनं सांगितलं, "मला येत न्हाईत," आणि भज्यांची ताटली घेऊन कोपऱ्यात उभी राहिली. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

तिचं काम मोठं झालं, भिंतभर. त्याला जमीन लागते. तिच्या घरात तेवढी जमीन नाही, आणि आहे तिच्यावर माणसं झोपतात, कणग्या असतात, पावसाळ्यात शेळ्याही आत येतात. म्हणून गावकीला विचारून आम्ही दोन खोल्यांमधली भिंत पाडली. तिच्याबरोबर आता आणखी बाया तुडवायला येतात. त्या दोन खोल्या गेल्या तर तिचं काम गेलं, इतकी सरळ गोष्ट होती. दुसरीकडं जागा बघू, असं पुण्यात बसून म्हणता येतं. सासूचा डोळा चुकवून, भाकरी टाकून, पायी जाऊन परत गुरं यायच्या आत घरी पोचता येईल अशी जागा वाडीत दुसरी नव्हती.

आणि मग आमच्या विश्वस्त मंडळात एक नवे गृहस्थ आले.

सुताचा कुडता, पांढरे बूट, आणि येताना दरवेळी पेढे. मी मनातल्या मनात त्यांना पेढेवाले म्हणायला लागले. बोलणं असं गोड की ऐकताना दात दुखावेत. "ताई, तुम्ही काय काम उभं केलंय!" पहिल्या भेटीत त्यांनी हे इतक्यांदा म्हटलं की माझे कान टवकारले गेले. माझ्या कामाचं कौतुक मला आवडतं, नाही असं नाही. पण कौतुक करणारा माणूस काम बघतो. हे वाडीत आले, लोकरवालीचं नवं काम भिंतीवर होतं, त्याच्याकडं पाठ करून खिडकीशी उभे राहिले. खिडकीतून धरणाचं पाणी दिसतं. मोबाईल काढून त्यांनी त्या पाण्याचे फोटो काढले. मग विचारलं, "या खोल्यांची हद्द कुठवर आहे?"

कलेच्या जागेत येऊन हद्द विचारणारा माणूस मी आजवर एकच प्रकारचा पाहिलाय. कुठंतरी पाणी मुरत होतं. जाताना त्यांनी लोकरवालीला नमस्कार केला आणि चुकून बाजूच्या बाईच्या कामाची स्तुती केली.

पुढच्याच बैठकीत पुण्यात ते बाहेर आलं. देशोदेशीच्या कलाकारांनी येऊन राहावं असं निवासी केंद्र. खोल्यांच्या जागी छान बांधकाम, वर गच्ची, समोर पाणी. स्थानिक महिलांना रोजगार. "म्हणजे काय करायचं त्यांनी?" मी विचारलं. "स्वयंपाक. नाचणीची भाकरी, पिठलं. पाहुण्यांना फार आवडतं." आणि लोकर? "अहो, तेही करतील की, पाहुण्यांना दाखवतील." गावाकडून खोल्या संस्थेच्या नावावर दीर्घ मुदतीनं घ्यायच्या, मग संस्था त्या त्यांच्याच ओळखीच्या कुणाला तरी चालवायला देणार. मी विरोध केला, आवाज चढवून केला. बाकीचे विश्वस्त चांगली माणसं आहेत, पण चांगल्या माणसांना बैठक लवकर संपवायची असते. ठराव झाला. आणि तो गावकीपुढं मांडायचं काम कुणाचं? संचालकांचं. माझं. राजीनामा लिहायला घेतला आणि थांबले. मी बाहेर पडले तर आत डोळा कुणाचा राहणार होता? हा हिशेब मी मुंबईतही कितीदा केला होता, आणि तो कधीच नीट सुटला नव्हता.

वाडीत जाऊन लोकरवालीला सगळं सांगितलं. कुणी कागद आणला तर अंगठा देऊ नका, सही देऊ नका, बायांनाही सांगून ठेव. ती लोकर पिंजत होती. "बरं," म्हणाली. एवढंच. मी वाट बघत राहिले की ती चिडेल, घाबरेल, काहीतरी विचारेल. तिनं मला चहा दिला.

तिथून मला जिकडंतिकडं दिसायला लागलं. पेढेवाल्यांनी देवळाला सभामंडप बांधून द्यायचं कबूल केल्याची बातमी आली. फरशीसकट. सभामंडप ही काय चीज असते हे ज्यानं गाव पाहिलंय त्याला सांगायला नको, त्यासाठी भाऊ भावाशी बोलायला लागतो आणि थांबतोही. मग एकदा भोरच्या स्टँडवर मी एसटीची वाट बघत उभी होते, तर समोर पेढेवाल्यांची मोठी गाडी थांबली आणि मागच्या दारातून कोण उतरावं? आमच्या वाडीच्या देवीचे पुजारी, गुरवमामा. सत्तरी ओलांडलेला, मोजकं बोलणारा माणूस. हातात पेढ्यांचा पुडा. मला बघून त्यांनी मान हलवली आणि सरळ बाजाराकडं निघून गेले. जणू रोजच त्या गाडीतून उतरतात.

माझं डोकंच फिरलं. कारण तोवर ठराव गावकीपर्यंत पोचला होता, आणि मला कळलं होतं की गावकीत एकमत होत नाहीये. काहीजण म्हणत, मंडप मिळतोय, देऊन टाका. काही म्हणत, बायांचं चाललंय ते चालू द्या. आणि अशा वेळी या डोंगरात जे करतात तेच करायचं ठरलं होतं. देवीला कौल लावायचा.

कौल म्हणजे असं. देवी म्हणजे शेंदरानं लडबडलेला तांदळा, नाकडोळे नसलेली शिळा. तिच्या उजव्या खांद्यावर एक आणि डाव्या खांद्यावर एक अशा दोन कळ्या गुरव ओल्या करून चिकटवतो. मग मोठ्यानं प्रश्न विचारतो. उजवी कळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. त्यापुढं कुणी बोलत नाही. लग्नं, विहिरी, भावकीतले वाद, सगळं या कळ्यांवर मिटलेलं आहे. मी श्रद्धाळू नाही, पण कुणाच्या श्रद्धेला नावंही ठेवत नाही. एवढंच की कळ्या चिकटवणारा हात माणसाचा असतो. आणि तो हात मी पेढ्यांचा पुडा धरलेला पाहिला होता.

बायांचंही वागणं बदललं. मी खोलीत शिरले की बोलणं थांबायचं. एखादी उगाच म्हणायची, "ताई आल्या, ताईंना पाणी द्या." माझ्यासमोर पाण्याचा तांब्या आणि सगळ्या गप्प. स्वयंपाकाच्या नोकरीचा मासिक पगार पेढेवाल्यांनी कुणाच्या तरी कानात सांगितला असणार, असं मी धरून चालले. का धरू नये? त्या पगारात पोराची फी निघते. मी त्यांना काय देत होते? दिल्लीतल्या भिंती.

यात्रेच्या आदल्या आठवड्यात मी दुपारी वाडीत पोचले. ऊन रणरणत होतं. देवळाच्या बाजूनं येताना बघितलं, गुरवमामांच्या घराच्या पायरीवर लोकरवाली बसली होती. मामा वर ओट्यावर. दोघं हळू आवाजात बोलत होती, आणि ती हातवारे करून काहीतरी समजावत होती, जे ती कधी करत नाही. मी कडुलिंबाच्या आडोशाला थांबले. मग मागं वळले आणि उतरून रस्त्यावर आले. हिर्डोशीहून येणारी एसटी कधी येईल याचा भरवसा नसतो, मी तिथंच दगडावर बसले. मला राग आला होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं. सगळ्यांवर संशय घेताना एक माणूस मी बाजूला काढून ठेवलं होतं. तीसुद्धा? स्वतःच्या पायाखालची जमीन विकून तिला काय मिळणार होतं? मंडपाच्या फरशीवर तुडवणार होती का लोकर? एसटीत भोर येईपर्यंत मी खिडकीबाहेर तोंड करून बसले.

यात्रेच्या सकाळी मी लवकर पोचले. ढोल अजून आले नव्हते. देवळात मोजकी माणसं, आणि पेढेवाले पुढंच, हात जोडून, कपाळाला गुलाल. त्यांचा ड्रायव्हर बाहेर पेढ्यांची खोकी घेऊन उभा. निकाल लागायच्या आधीच पेढे आले होते. निवड समितीत तरी निदान यादी लपवून ठेवली होती.

गुरवमामांनी देवीला आंघोळ घातली, नवा शेंदूर तेलात कालवून लावला. मी कठड्याशी अगदी जवळ जाऊन उभी राहिले. कुणी हटकलं नाही. बाया मागच्या बाजूला पदर घेऊन उभ्या होत्या, लोकरवाली त्यांच्यात. मी तिच्याकडं बघितलं नाही.

आता मी काय पाहिलं ते सांगते. मी आयुष्यभर भिंतींवर वस्तू टांगलेल्या आहेत. कुठली वस्तू टिकेल, कुठली पहिल्या रात्रीत खाली येईल, हे मला बघून कळतं, त्यासाठीच मला पैसे मिळायचे. मामांनी डावी कळी घेतली आणि ताज्या, जाड शेंदरात अंगठ्यानं दाबून बसवली. देठ आत रुतला. ती संध्याकाळपर्यंत हलणार नव्हती. उजवी कळी त्यांनी नुसत्या पाण्यात बुडवली, शेंदूर जिथं पातळ होता तिथं, फुगीर भागावर, देठ खाली करून टेकवली. ती पडायलाच ठेवली होती.

म्हणजे होकार आधीच ठरला होता. प्रश्न मला पाठ होता, ठरावच होता तो: खोल्या द्यायच्या का? उजवी पडणार, द्या. ओरडावंसं वाटलं, मामा, ती कळी नीट लावा. पण कुणाच्या देवळात उभं राहून कुणाला सांगणार होते मी? मी तर अधिकृतपणे त्याच बाजूची होते. संस्थेची संचालक, खोल्या मागायला आलेली. मी तिथंच उभी राहिले. मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

मामांनी घंटा वाजवली. सगळं शांत झालं. ते देवीकडं बघत, सावकाश, गावभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आई, शाळंच्या दोन खोल्या आपल्या वाडीतल्या बायांच्या हातात ऱ्हाव्यात. दुसऱ्या कुणाला जाऊ नयेत. पुण्याला न्हाई, कुठल्या संस्थेला न्हाई. कायमच्या. आसं तुज्या मनात आसंल तर उजवा दे."

उजवी कळी पडली. त्यांचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

मागं बायांमध्ये हुंकार उठला. कुणीतरी हळद उधळली. पेढेवाल्यांचे हात अजून जोडलेलेच होते आणि चेहऱ्यावर हसू होतं, त्यांना गावाच्या बोलीतला प्रश्न नीट उमगायला जरा वेळ लागला. उमगल्यावर त्यांनी माझ्याकडं पाहिलं. संशयानं. मला हसू आवरेना. त्यांच्या आयुष्यातला पहिला चुकीचा संशय असेल तो. ते तडक गाडीकडं गेले, ड्रायव्हर खोकी घेऊन त्यांच्या मागून धावला, आणि पोरांनी त्यातलं एक खोकं वाटेतच हलकं केलं.

माणसं पांगल्यावर मी मामांना गाठलं. "डावी कळी तेवढी शेंदरात का रुतवलीत?" मी विचारलं. मी अशीच आहे, मला राहवत नाही.

"म्हातारपन," मामा म्हणाले. "हात कापतोय आता."

"आणि त्यांच्या गाडीतून आलात ते?"

"एस्टी चुकली व्हती." ते समई पुसत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "पेढा ग्वाड व्हता."

मी खुशीत होते. ढोल आले, लेझीम झाली, जेवणं झाली, आमटी-भात आणि गुळाची लापशी. पंगतीत बसल्याबसल्या मी मनातल्या मनात पुण्याला कळवायचा मजकूर जुळवत होते. गावकीनं दीर्घ मुदतीची विनंती अमान्य केली असून, केंद्राचं काम पूर्ववत... आणि तिथं घास हातातच राहिला. पूर्ववत कसं? मामांचे शब्द मी पुन्हा एकदा आठवून पाहिले. पुण्याला न्हाई. कुठल्या संस्थेला न्हाई. पेढेवाले संस्थेचे होते. मीही संस्थेचीच होते.

खोल्यांकडं गेले. यात्रेच्या दिवशी काम बंद असतं, पण लोकरवाली आत होती. सकाळी भिजवलेली लोकर वाया जाऊ नये म्हणून तिनं साडी वर खोचून तुडवायला घेतली होती. साबणाचा आणि मेंढराचा ओला वास भरून राहिला होता. मी दारात उभी राहिले.

"संस्थेला नाही म्हणजे मलाही नाही," मी म्हटलं.

"व्हय," ती म्हणाली. पाय थांबले नाहीत. "तसंच ईचारायचं ठरलं व्हतं. आमी बायांनी ठरवलं, मामांना म्या सांगितलं."

"मला सांगायचं होतंस आधी."

"सांगितलं आसतं, मग तुमी मीटिंगीत काय बोलला आसता? खरं बोलला आसता तर त्यांना कळलं आसतं. खोटं बोलला आसता तर तुमची नोकरी गेली आसती." तिनं लोकर उलटी केली, पुन्हा चढली. "आन् तुमीच सांगत आलाय न्हवं, ह्ये तुमचं हाय, ह्ये तुमचं हाय. मग घितलं."

मी किती कार्यक्रमांत, किती अहवालांत, माईक हातात घेऊन किती वेळा तेच म्हटलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. खरंच कुणी घेईल असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. मला राग आला होता का, सांगता येत नाही.

"मी काय ते पेढेवाले आहे?" मी म्हटलं. आवाज माझ्या मनाविरुद्ध चिरका आला. "माझ्यावर संशय होता तुम्हाला?"

आता ती थांबली. कमरेवर हात ठेवून तिनं माझ्याकडं सरळ पाहिलं. रागानं नाही, जशी ती लोकर बसली की नाही ते बघते तशी.

"व्हता की. तुमी वाईट न्हाई. पण तुमी उद्या गेला, तुमच्या जागी दुसरं कुनी आलं, तर आमी कुनाकडं बघायचं?" मग म्हणाली, "आन् तुमाला न्हवता व्हय आमच्यावर? मला मामांच्या पायरीवर बसल्याली बघून तुमी लिंबामागनं परत फिरला. पानी बी न पिता. एवढ्या उनाचं. म्या बघितलं."

बाहेर ढोल चालू होते. मी पर्स उघडली, खोल्यांच्या कुलपाची किल्ली काढली आणि वाकून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायला लागले.

"तिथं नगं," ती म्हणाली. "हातात द्या." आणि ओला हात पदराला पुसून तिनं पुढं केला.